गिरणगाव रीजन: परवानग्या आणि पेटंटच्या कामाच्या नोंदी

५ जुलै

ओपनसिम्युलेटर ०.९.३ टाकलं (ओपनसिम, स्वतःचं आभासी ३डी जग चालवायचा खुला सर्व्हर). डॉटनेट ८, स्टँडअलोन मोड, डेटाबेस मायएसक्यूएल. सध्या माझ्या जुन्या लॅपटॉपवरच चालू आहे, पंखा मिक्सरसारखा ओरडतो पण चालतंय. एकच रीजन, म्हणजे त्या जगातल्या जमिनीचा एक चौकोन, २५६ बाय २५६ मीटर. त्यात एक चाळ, गिरणीचं गेट, एक शेड, चिमणी आणि भोंगा एवढं बसवायचंय. परळच्या वाचनालयाला १९८२ च्या संपाच्या आधीचं गिरणगाव उभं करून हवंय, पोरांना आत फिरवता यावं म्हणून, आणि लोकांच्या घरातले जुने फोटो आत भिंतींवर लागावेत अशी त्यांची इच्छा.

टीम म्हणजे मी सर्व्हरला, एक मित्र मेश (३डी मॉडेल) बनवायला (दिवसा ॲनिमेशन स्टुडिओत असतो, रात्री आमच्याकडे), आणि वाचनालयातले काका, जे फोटो गोळा करतात आणि प्रश्न विचारतात. प्रश्न जास्त.

या नोंदी मुख्यतः परवानग्यांसाठी ठेवतेय कारण बिल्डिंगचं काम दिसतं, हे दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी विचारणार की हा खोका टिक का नाही केला.

९ जुलै

आज वस्तूंच्या परमिशनचे आकडे नीट बघितले. ओपनसिमने ही पद्धत सेकंड लाइफकडून घेतली, लिंडेन लॅबचं ते जग २००३ चं, आणि ओपनसिम जानेवारी २००७ मध्ये डॅरेन गार्डने सुरू केलं, त्याच महिन्यात लिंडेनने आपला व्ह्यूअर (वापरणाऱ्याच्या मशीनवर हे जग दाखवणारा प्रोग्राम) जीपीएल या खुल्या लायसन्सखाली खुला केला होता. सर्व्हर मात्र खुला केला नाही, म्हणून लोकांनी व्ह्यूअर कसा बोलतो ते बघून सर्व्हर नव्याने लिहिला. ओपनसिमचं लायसन्स बीएसडी, तेही खुलं.

प्रत्येक वस्तूला पाच मास्क असतात: बेस (जास्तीत जास्त हक्क किती), ओनर, ग्रुप, एव्हरीवन आणि नेक्स्ट ओनर. प्रत्येक मास्क म्हणजे एक आकडा, त्यातला एकेक बिट एकेक हक्क. ट्रान्सफर ८१९२, मॉडिफाय १६३८४, कॉपी ३२७६८, आणि मूव्ह ५२४२८८. चारही मिळून ५८१६३२, हा आकडा डेटाबेसात जिथे तिथे दिसतो, आता डोळ्याला पाठ झालाय. ओपनसिमने स्वतःचा एक जादा बिट घातला, एक्स्पोर्ट, ६५५३६, म्हणजे वस्तू या ग्रिडच्या (एकत्र चालणाऱ्या रीजनांच्या जगाच्या) बाहेर नेता येईल का. तो धरला की ६४७१६८. सेकंड लाइफमध्ये हा बिट नाही कारण तिथे बाहेर असं काही नाहीच.

वस्तू दुसऱ्याकडे गेली की नेक्स्ट ओनरचा मास्क लागू होतो आणि बेस तेवढा कमी होतो, परत वाढत नाही. आत ठेवलेल्या वस्तूंचंही मोजलं जातं, कपाट ट्रान्सफर होतं पण कपाटातली स्क्रिप्ट (वस्तूला काम करायला लावणारा कोड) नो-ट्रान्सफर असेल तर कपाटही अडकलं. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, म्हणजे चाळीतल्या खोलीची पागडी. म्हटलं जवळपास तेच.

आणि एक, व्ह्यूअरमध्ये कॉपीचा टिक काढला की ट्रान्सफर आपोआप टिक होतो. कॉपीही नाही आणि कोणाला देताही येत नाही अशी वस्तू सरळ बनवता येत नाही. हे मला आवडलं, घेणाऱ्याकडे काहीतरी हक्क उरलाच पाहिजे असा विचार कोणीतरी मागे केलेला दिसतो.

१२ जुलै

वाचनालयात बसलो. काकांचा प्रश्न: "ताई, फोटोवर नो कॉपी टाकलं की झालं ना? मग कोणी घेऊन जाणार नाही?"

हे तोंडाने समजावण्यात अर्थ नव्हता म्हणून करून दाखवलं. टेस्ट रीजनमध्ये एक फोटोफ्रेम ठेवली, नो-कॉपी, नो-मॉड. मग कन्सोलवरून अख्ख्या रीजनची ओएआर फाइल सेव्ह केली. ओएआर म्हणजे काही गूढ नाही, जीझिप केलेली टार फाइल, उघडली की आत ऑब्जेक्ट्स, ॲसेट्स, टेरेन असे फोल्डर. ऑब्जेक्ट्समध्ये त्या फ्रेमची एक्सएमएल फाइल, आणि तिच्यात बेसमास्क, ओनरमास्क, नेक्स्टओनरमास्क असे आकडे साध्या अक्षरांत लिहिलेले. नोटपॅडमध्ये आकडे बदलले, परत बांधली, लोड केली. फ्रेम फुल पर्म, म्हणजे सगळे हक्क मोकळे. काका थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग हे कुलूप नाहीच."

नाहीच. आत हिंडणाऱ्या लोकांमध्ये आपसात कोण काय करू शकतं त्याचा हिशोब सर्व्हर ठेवतो, एवढंच. सर्व्हर ज्याच्या हातात, डेटाबेस त्याच्या हातात. प्रिम्स नावाच्या टेबलात हे सगळे मास्क कॉलममध्ये पडलेले असतात, एका अपडेटचं काम. त्यामुळे ग्रिड चालवणारा माणूस, म्हणजे सध्या मी, माझ्यावर विश्वास आहे का हा खरा प्रश्न आहे आणि तो मी काकांना सरळ विचारला. म्हणाले, "तुझ्यावर आहे गं, पण पुढच्याचं काय?" बरोबर प्रश्न.

कॉन्फिगमध्ये सर्व्हर-साइड ऑब्जेक्ट परमिशन चालूच ठेवलंय. ते बंद असलं तर सर्व्हर तपासतच नाही, फक्त व्ह्यूअर बटण करडं करून दाखवतो, आणि व्ह्यूअर कोणताही असू शकतो.

१८ जुलै

फोटोंचा निर्णय झाला, म्हणून कारण लिहून ठेवते.

व्ह्यूअरला वस्तू दाखवायची तर तिचा आकार आणि टेक्श्चर (पृष्ठभागावरचं चित्र) त्याच्याकडे पाठवावंच लागतं. एकदा पाठवलं की ते समोरच्याच्या मशीनवर आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सेकंड लाइफमध्ये कॉपीबॉट प्रकरण झालं ते हेच, लिबसेकंडलाइफ नावाच्या लायब्ररीवर बनवलेला बॉट, जो समोरची वस्तू वाचून तशीच दुसरी उभी करायचा, आणि दुकानदार मंडळींनी दुकानं बंद ठेवून निषेध केला होता. तेव्हापासून आजपर्यंत या गोष्टीवर तांत्रिक उपाय निघालेला नाही कारण तो निघू शकत नाही. एकच गोष्ट खरी सुरक्षित, स्क्रिप्टचा सोर्स. स्क्रिप्ट सर्व्हरवर चालते, सोर्स व्ह्यूअरकडे जातच नाही जोपर्यंत तुम्हाला तो उघडायचा हक्क नाही. म्हणजे भोंग्याची स्क्रिप्ट लपवता येईल पण भोंगा नाही. आणि भोंग्याच्या स्क्रिप्टमध्ये लपवण्यासारखं काय आहे, ठरलेल्या वेळी आवाज करतो.

तर ठरलं असं: ज्या घरांनी फोटो फक्त बघायला दिलेत त्यांचे फोटो मोठ्या रिझोल्यूशनमध्ये सर्व्हरवर जाणारच नाहीत. ५१२ पिक्सेलची कॉपी वर, मूळ स्कॅन वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर. बाकी नो-कॉपी वगैरे टाकूच पण त्याच्यावर भिस्त ठेवायची नाही.

संमतीपत्राचा मसुदा वकील मैत्रिणीने बघितला आणि दोन ओळी घालायला लावल्या ज्या मला कधीच सुचल्या नसत्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे, मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि कलम ३०अ मुळे हे लायसन्सलाही लागतं. म्हणजे आम्ही "फोटो वापरायला परवानगी आहे" एवढंच लिहून सह्या घेतल्या असत्या तर ५ वर्षांनी परत दारोदार जायचं, आणि न्यू जर्सीतला कोणाचा नातू आत येऊन बघतोय त्याचं काय हा वेगळा घोळ. आता "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर" असं स्पष्ट लिहिलंय. हक्क कोणाचा तेही तिने सांगितलं, पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेला फोटो असेल तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास कलम १७ प्रमाणे पहिला मालक फोटो काढवून घेणारा, फोटोग्राफर नाही. काकांना एवढा आनंद झाला, कारण लग्नाचे फोटो सगळे स्टुडिओतले.

२३ जुलै

आज मित्राशी वाद झाला, चांगला झाला. तो म्हणतो चाळीचा जिना, गॅलरीचे कठडे, नळाची जागा हे सगळे मेश तो क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.० खाली देणार, कोणीही वापरा, नाव द्या. मस्त. पण रीजनमध्ये अपलोड करताना त्याने सवयीने नेक्स्ट ओनर नो-कॉपी, नो-मॉड ठेवलं, स्टुडिओची सवय.

म्हटलं दोन्ही एकत्र चालणार नाही. त्या लायसन्सच्या मजकुरातच अट आहे की पुढच्या माणसाचे हक्क अडतील असे परिणामकारक तांत्रिक उपाय लावायचे नाहीत. आता तू स्वतः मालक, तू लाव नाही तर नको लावू, तुझ्यावर तुझंच लायसन्स बंधन घालत नाही. पण उद्या वाचनालय ती वस्तू तुझ्याकडून घेऊन पुढे नो-कॉपी करून वाटेल तर वाचनालय अटीबाहेर जातं, निदान तसं म्हणायला जागा आहे. तो म्हणे तूच म्हणालीस ना हे कुलूप नाही, मग परिणामकारक उपाय कसा? हा मुद्दा चांगलाच आहे. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली की कायद्यात परिणामकारक म्हणजे अभेद्य नव्हे, आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, त्यात हक्क मोडायच्या हेतूने असा उपाय चुकवणं हाच गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, आणि जे चुकवताच येत नाही त्याला कायद्याची गरजच काय. म्हणजे नोटपॅडने आकडा बदलणं सोपं आहे म्हणून ते माफ आहे असं नाही.

मग सरळ नियम केला. वस्तूचं लायसन्स मोकळं असेल तर बिटही मोकळे: कॉपी, मॉडिफाय, ट्रान्सफर, एक्स्पोर्ट सगळं चालू. लायसन्स बंद असेल तर बिट बंद आणि सर्व्हरवर फाइलची गरीब आवृत्ती. मधलं काही नको. बिट आणि कागद एकमेकांशी भांडायला लागले की कोर्टात कोण जिंकेल ते देव जाणे पण रीजनमध्ये नेहमी बिट जिंकतो, कारण वाचणारा माणूस नसतो, सर्व्हर असतो.

स्क्रिप्टला क्रिएटिव्ह कॉमन्स नाही लावायचं, ते स्वतःच सॉफ्टवेअरसाठी नको म्हणतात. आणि ४.० च्या मजकुरात पेटंटचे हक्क यात दिलेले नाहीत असं स्पष्ट वाक्य आहे. पेटंट हा शब्द प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदा आला तो इथे. मित्राने तेवढाच पकडला.

२४ जुलै

मायएसक्यूएलचा बॅकअप क्रॉनवर टाकला, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप. बाकी काही नाही, ऑफिसचं काम.

३० जुलै

गणपतीच्या मिरवणुकीचा सीन करायचा म्हणतात. म्हणजे गर्दी. व्ह्यूअरमध्ये सेटिंग असतंच, जवळचे ठरावीक अवतार (आत फिरणाऱ्या माणसांच्या आकृत्या) नीट रेखाटायचे आणि बाकीचे सपाट चित्रासारखे. मित्राने कुठेतरी वाचलं की आभासी जगात किती अवतार दाखवायचे यावर पेटंट आहे आणि लोकांवर केस झालेत, आणि रात्री साडेबाराला फोन. मग बसून नीट वाचलं.

वर्ल्ड्स इन्कॉर्पोरेटेड नावाची अमेरिकन कंपनी, त्यांचं पेटंट ७१८१६९०, २००७ मध्ये मिळालं पण मूळ तारीख १९९५ ची. दावा थोडक्यात असा की सर्व्हर सगळ्यांची नाही, काहींचीच ठिकाणं कळवतो आणि क्लायंट ठरवतो त्यातले कोणते अवतार दाखवायचे. डिसेंबर २००८ मध्ये एनसीसॉफ्ट या गेम कंपनीवर केस, ती तडजोडीत मिटली. मग २०१२ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डवर. तिथे दहा वर्षं चाललं. मधेच बंजी या गेम कंपनीने पेटंट ऑफिसकडे फेरतपासणी मागितली, आणि तिथे पुरावा म्हणून काय निघालं तर थॉमस फंकहाऊझरचा रिंग नावाच्या सिस्टिमवरचा १९९५ चा पेपर, ज्यात सर्व्हर फक्त उपयोगाची अपडेट पुढे पाठवतो. तो डाव २०१८ मध्ये फेडरल सर्किटने (पेटंटची अपिलं ऐकणारं अमेरिकन कोर्ट) वेगळ्याच कारणावर परत पाठवला. शेवटी २०२१ मध्ये बोस्टनच्या कोर्टाने म्हटलं की ही तर गाळणी लावायची अमूर्त कल्पना, कॉम्प्युटरवर केली म्हणून शोध होत नाही, आणि २०२२ मध्ये फेडरल सर्किटने ते कायम केलं. आधार ॲलिस विरुद्ध सीएलएस बँक, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल.

म्हणजे मिरवणूक करू शकतो. पण मला त्यातलं दुसरंच लागलं: दहा वर्षं. ज्याच्याकडे दहा वर्षांचे वकील नाहीत तो पहिल्या नोटिशीलाच मिटवणार. आणि हे सगळं एका अशा गोष्टीवर जी लुकासफिल्मच्या हॅबिटॅटने १९८६ पासून कमोडोर ६४ वर कमीजास्त प्रमाणात करून दाखवली होती, अवतार, खोल्या, एका खोलीतलेच लोक दिसणार वगैरे.

कॉपीराइट आणि पेटंट यात एक फरक मित्राला दोनदा सांगावा लागला. ओपनसिमवाल्यांनी सुरुवातीला नियम ठेवला होता की व्ह्यूअरचा जीपीएल कोड बघून काम करणाऱ्याने सर्व्हरला पॅच (कोडमधला बदल) द्यायचा नाही, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप येऊ नये. कॉपीराइटसाठी हे पुरतं, न बघता लिहिलं तर नक्कल नाही. पेटंटमध्ये नाही पुरत. तुम्ही अंधाऱ्या खोलीत बसून स्वतः शोधून काढलं तरी दुसऱ्याचा दावा तुमच्यावर लागतो.

२ ऑगस्ट

मैत्रिणीला भेटले, वडाळ्याला. तिचं काम होतं अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात, आपलं मुंबईचं पेटंट ऑफिस, तिथून ती बाहेर आली आणि आम्ही टपरीवर उभं राहून चहा. पाऊस होता, छत्री एकच, त्यामुळे तिने जे सांगितलं ते लवकर सांगितलं.

आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ चा (के) म्हणतो की गणिती किंवा धंद्याची पद्धत, नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम आणि अल्गोरिदम हे शोध नव्हेत. ही ओळ २००२ च्या दुरुस्तीने आली, २००३ पासून लागू. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशात ती सैल करायचा प्रयत्न झाला, हार्डवेअरसोबत असेल तर चालेल वगैरे, पण २००५ मध्ये संसदेने तो भाग घेतला नाही. पण खेळ सगळा "नुसता" या शब्दावर. पेटंट ऑफिसच्या मार्गदर्शक सूचना २०१५ मध्ये आल्या, त्याच वर्षी डिसेंबरात थांबवल्या, २०१६ च्या सूचनांत नवीन हार्डवेअर हवं म्हटलं, २०१७ मध्ये ती अट काढली. आणि डिसेंबर २०१९ ला फरीद अलानी प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की तांत्रिक परिणाम दिसत असेल तर फक्त प्रोग्राम आहे म्हणून नाकारायचं नाही. म्हणजे भारतात सॉफ्टवेअर पेटंट नाहीच असं जे लोक छातीठोक सांगतात ते अर्धं खरं.

मी विचारलं, मग सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये ठेवला की अमेरिकेची पेटंट आपल्याला लागत नाहीत ना?

"बऱ्याच अंशी हो, पेटंट देशापुरतं असतं. पण सर्व्हर कुठे आहे एवढ्यावर झोपू नकोस." मग तिने ब्लॅकबेरीचं सांगितलं. एनटीपी विरुद्ध आरआयएम (ब्लॅकबेरीची कंपनी), २००५. ईमेल पुढे पाठवणारा रिले कॅनडात होता, वापरणारे अमेरिकेत, कोर्ट म्हणालं अख्खी सिस्टिम जिथून चालवली जाते आणि जिथे तिचा फायदा घेतला जातो तिथे ती वापरली गेली. पद्धतीवरचे दावे सुटले, सिस्टिमवरचे लागले, आणि २००६ मध्ये ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन मिटलं.

वाचनालयाच्या फुकट रीजनवर कोण केस करणार, ती हसलीच. बरोबर आहे, कोणी नाही करणार. पण आम्ही कोड बाहेर देणार आहोत, आणि तो उचलून उद्या कोणी पैसे कमावले तर त्याच्यावर करतील, तेव्हा कागद नीट असलेले बरे. हे माझं मत, तिचं नाही, तिने याचे पैसे घेतलेले नाहीत त्यामुळे तिच्या नावावर काही खपवायचं नाही.

एक कामाचं: अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पेटंट मिळायच्या आधी त्याला कोणीही विरोध नोंदवू शकतं, कलम २५(१), "कोणीही" म्हणजे खरंच कोणीही. काकांना सांगितलं तर लगेच विचारलं फॉर्म कुठे मिळतो.

६ ऑगस्ट

आपल्या मॉड्यूलचं लायसन्स. मॉड्यूल काय करतं ते आधी: ओपनसिममध्ये रीजन मॉड्यूल (सर्व्हरला लावायचा जादा कोड) मोनो ॲडइन्स या लायब्ररीने जोडतात, सी शार्पमध्ये लिहिलंय, प्रत्येक वस्तूसोबत लायसन्सची एक ओळ साठवतं आणि मास्क त्या ओळीशी जुळत नसले तर लॉगमध्ये बोंब मारतं. २३ जुलैचा नियम मशीनला शिकवला, बस.

ओपनसिम स्वतः बीएसडी. त्यात पेटंटबद्दल एक अक्षर नाही. वापरा, बदला, वाटा, आमची जबाबदारी नाही, संपलं. त्यातून पेटंटची परवानगी गृहीत धरता येते असं म्हणणारे आहेत पण लिहिलेलं नाही ते नाही. अपाची २.० मध्ये, २००४ चं, कलम ३ सरळ सांगतं की ज्याने कोड दिला त्याने त्या कोडपुरता आपल्या पेटंटचा हक्कही दिला, आणि तुम्ही उलट पेटंटची केस केलीत तर तो हक्क गेला. जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीतही कलम ११ आहे. आम्ही अपाची घेतलं, बीएसडीसोबत नांदतं.

यातही मर्यादा आहे आणि ती विसरायची नाही: हे फक्त कोड देणाऱ्यांच्या पेटंटबद्दल. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाकडे पेटंट असेल तर जगातलं कुठलंही लायसन्स वाचवत नाही. आमच्या टीममध्ये कोणाकडेही पेटंट नाही, त्यामुळे आजच्या घडीला हे कलम रिकाम्या खिशाची हमी आहे. पण एखाद्या कंपनीतला पोरगा उद्या पॅच पाठवेल तेव्हा कामाला येईल, आणि लायसन्स नंतर बदलायचं म्हणजे प्रत्येकाला शोधून सही घ्यायची.

चिमणीवरच्या काजळीच्या डागांसाठी मित्राला सिम्प्लेक्स नॉइज (नैसर्गिक दिसणारे डाग गणिताने बनवायची पद्धत) वापरायचा होता, परत घाबरून फोन. केन पर्लिनची कल्पना, अमेरिकन पेटंट ६८६७७७६, तीन आणि जास्त मितींच्या टेक्श्चरवर लागायचं, आणि त्यामुळेच लोकांनी ओपनसिम्प्लेक्स वेगळा लिहिला. जानेवारी २०२२ मध्ये मुदत संपली. वापर बिनधास्त. तसंच एसथ्रीटीसी टेक्श्चर कॉम्प्रेशनचं, २ ऑक्टोबर २०१७ ला संपलं आणि मेसा या खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये ते थेट आलं, त्याआधी वर्षानुवर्षं वेगळी लायब्ररी चोरून जोडल्यासारखी जोडावी लागायची. वीस वर्षं थांबलं की सगळं मिळतं, फक्त तोवर कार्डं बदललेली असतात.

१० ऑगस्ट

व्ह्यूअरची सूचना वाचनालयाच्या नोटीस बोर्डसाठी लिहिली: फायरस्टॉर्म घ्यायचा आणि ओपनसिमवाला बिल्ड घ्यायचा, नुसतं सेकंड लाइफ लिहिलेला नाही. काकांनी विचारलं दोन का. कारण हॅवॉक. मेशचा फिजिक्स आकार बनवायला लिंडेनचा व्ह्यूअर हॅवॉकची मालकीची लायब्ररी वापरतो, २०१२ मध्ये इतर व्ह्यूअरवाल्यांना तिचं सबलायसन्स द्यायला लागले पण अट अशी की तो व्ह्यूअर फक्त लिंडेनच्या ग्रिडलाच जोडला गेला पाहिजे. म्हणून तोच प्रोग्राम दोन वेळा बांधतात. एक्स्पोर्ट बिट, नो-कॉपी वगैरे सगळं एका बाजूला, आणि लायसन्सची एक ओळ एका बाजूला, अख्खा व्ह्यूअर दोन तुकड्यांत. काकांनी बोर्डवर लाल पेनाने "दुसरा वाला" लिहिलं, ठीक आहे.

आमच्याकडे सर्व्हरवर फिजिक्ससाठी बुलेटसिम आहे, बुलेट झेडलिब लायसन्सचं, भानगड नाही.

१४ ऑगस्ट

देवपणा काढला. कॉन्फिगमध्ये रीजनचा मालक आपोआप गॉड असतो असं एक सेटिंग असतं, ते बंद. गॉड झाला की दुसऱ्याच्या वस्तूवर सगळं करता येतं, आणि रीजनचा मालक कागदोपत्री वाचनालय आहे, म्हणजे तो पासवर्ड ज्याच्या ज्याच्या हाती जाईल तो तो देव. काकांनी विचारलं, "मग मला काहीच करता येणार नाही?" म्हटलं काका, तुमच्या वस्तू तुम्ही हलवा, दुसऱ्यांच्या नाही. त्यांना ते पटलं, पण चेहरा पडला होता हे खरं.

ओएसएसएलची, म्हणजे ओपनसिमच्या स्क्रिप्टमध्ये वापरायची, फंक्शन्सही चाळली. ओपनसिमच्या या जादा फंक्शन्सना धोक्याच्या पायऱ्या आहेत, नन पासून सिव्हिअर पर्यंत, डीफॉल्ट व्हेरी लो. एकेक फंक्शन इस्टेट मालकापुरतं, मॅनेजरपुरतं असं उघडता येतं. भोंग्याला यातलं काहीच लागत नाही. शेडमधल्या मागाला बसल्यावर हात हलायला हवेत त्याला ॲनिमेशनची परवानगी लागते, ती वस्तूवर बसलं की न विचारता मिळते. पैसे कापायची परवानगी मागणारी स्क्रिप्ट मात्र आमच्या रीजनमध्ये कोणी आणलीच तर हाकलायचं, पोरं येणार आहेत.

१९ ऑगस्ट

पाऊस, ट्रेन बंद, घरूनच. हायपरग्रिडवर निर्णय.

हायपरग्रिड म्हणजे एका ग्रिडचा अवतार दुसऱ्या ग्रिडवर जाऊ शकतो, क्रिस्टा लोपेस यांनी बनवलं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइनच्या प्राध्यापक. त्याआधी जुलै २००८ मध्ये आयबीएम आणि लिंडेनने सेकंड लाइफच्या टेस्ट ग्रिडवरून ओपनसिमवर अवतार टेलिपोर्ट करून दाखवला होता, पण इन्व्हेंटरी (अवताराकडच्या वस्तू) सोबत गेली नव्हती. साहजिक आहे, अवतार जाणं ही गंमत, वस्तू जाणं हा हक्कांचा प्रश्न. पलीकडच्या ग्रिडचा मालक आपल्या ओळखीचा नाही, त्याच्या डेटाबेसात आपली वस्तू पोचली की १२ जुलैला काकांना दाखवलं ते तो निवांत करू शकतो.

सेटिंग आहेत: बाहेर जाणाऱ्या वस्तूंची परवानगी बंद करता येते, ठरावीक प्रकारचे ॲसेट एक्स्पोर्ट करायला मनाई करता येते, आणि प्रवासी परग्रिडवर आपल्या इन्व्हेंटरीतलं फक्त सूटकेस फोल्डर उघडू शकतो. मित्राला सगळं उघडं हवंय, त्याचे मेश जगभर जावेत. त्याचं बरोबर आहे, त्याच्या मेशचं. फोटोंचं नाही. आणि एकाच रीजनमध्ये दोन्ही आहेत.

माझा कल असा: हायपरग्रिड तूर्त बंद. त्याऐवजी मोकळ्या वस्तूंची ओएआर आम्ही स्वतः बाहेर देऊ. सेव्ह करताना पर्म ऑप्शनला सी आणि टी दिलं की कॉपी आणि ट्रान्सफर नसलेल्या वस्तू आत येतच नाहीत, म्हणजे फोटोफ्रेम आपोआप बाहेर राहतात. पब्लिश ऑप्शनने मालकांची नावं गळतात. पण बनवणाऱ्याचं नाव राहायला हवं, बीवाय लायसन्सची तीच तर अट, म्हणून होम ऑप्शनने बनवणाऱ्याच्या प्रोफाइलचा पत्ताही सोबत जातो, आणि शिवाय टारबाहेर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लायसन्स आणि नावं, कारण एक्सएमएल कोण वाचतो.

२२ ऑगस्ट

पहिली ओएआर निघाली. उघडून तपासली: जिना, कठडे, नळ, गेट, चिमणी, भोंगा आत, एकही फ्रेम नाही. मॉड्यूलच्या लॉगमध्ये एक बोंब होती, मागाच्या बाकाला एक्स्पोर्ट बिट नव्हता, मित्राने लावला, परत काढली.

लालबागला आता रस्त्यावर चालायला जागा नाही, मंडपांचं काम चालू, काका म्हणाले गणपती होईपर्यंत वाचनालयात कोणी बसणार नाही, सह्या राहिलेल्या घरांकडे ते विसर्जनानंतर जाणार. तोपर्यंत त्या घरांच्या फोटोंच्या जागी रिकाम्या फ्रेम. सर्व्हर लॅपटॉपवरून डेटा सेंटरला हलवायचाय, आणि हलवायच्या आधी दोन माणसांकडे पासवर्डचे दोन अर्धे असा काहीतरी बंदोबस्त, काकांच्या "पुढच्याचं काय" साठी. मित्राने विचारलंय मिरवणुकीत ढोल किती. ते नंतर.